भूमींतील धन आणि भूमीची साक्ष

जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरीसारख्या गोदावरीच्या पट्ट्यांतील गांवीं नांगराच्या फाळाला एकादें हिरवट पडलेलें नाणें लागावें, यांत नवल नाहीं. पश्चिमेस सातवाहनांची राजधानी पैठण, उत्तरेस त्याच काळचें व्यापारी नगर भोकरदन. अशा मुलखांत गुप्तधनाची कथा नाहीं असें गांव विरळा. पूर्वीं त्या धनासाठीं पायाळू माणसाचा शोध होई, डोळ्यांत अंजन घालीत, मांत्रिकाला दक्षिणा मिळे. आतां त्याच हव्यासाच्या हातीं धातुशोधक यंत्र आलें आहे. अंजन खोटें होतें, यंत्र खरें आहे. आणि म्हणूनच त्याचा धोका अधिक.

यंत्राची युक्ति साधी आहे. तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्यांत धातूचा तुकडा आला, कीं त्या तुकड्यांतहि विजेचे भोंवरे उठतात. त्यांची चाहूल लागून यंत्र आवाज करतें. 1881 सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचे जनक बेल यांनीं असेंच यंत्र चालविलें, पण गोळी सांपडली नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पुरलेले सुरुंग शोधण्याच्या कामीं हीच युक्ति आली. यंत्राला धातु कळतो. त्याच्या भोंवतींची माती कळत नाहीं.

आणि इतिहास सांठलेला असतो तो त्या मातींत. एक वस्ति मोडते, तिच्यावर धूळ व राख बसते, तीवर दुसरी वस्ति उभी राहते. असे थरावर थर चढतात. कोणती वस्तु कोणत्या थरांत व कशाच्या शेजारीं मिळाली, यावरून तिचा काळ ठरतो. यंत्राच्या आवाजासरशीं खणलेला खड्डा हे सारे थर एकत्र कालवून टाकतो.

भोकरदनचें उदाहरण या जिल्ह्यांतलेंच आहे. तेथें 1973 सालीं नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनीं केलेल्या उत्खननांत हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ति मिळाली. इटलींतील पाँपेई नगर इसवी सन 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें 1938 सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं हिचें विलक्षण साम्य आहे. सातवाहनकालीन दख्खनच्या रोमशीं असलेल्या व्यापाराची ही केवढी बोलकी साक्ष! पण हस्तिदंतापाशीं धातुशोधक यंत्र मुकें राहतें. पितळेच्या एकाद्या कडीसाठीं घाईनें मारलेल्या कुदळीखालीं अशी मूर्ति चुरडली असती, आणि ती चुरडली हें कोणास कळलेंहि नसतें.

दायमाबादची गोष्ट निराळी. प्रवरेकांठच्या त्या गांवीं 1974 सालीं झाडाचें मूळ खणतांना एका शेतकऱ्यास ब्राँझचीं चार शिल्पें मिळालीं: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन 60 किलोंहून अधिक. कारागिरी थक्क करणारी. पण तीं थराच्या साक्षीसह हातीं आलीं नव्हतीं. पुढें तेथें रीतसर उत्खनन झालें, अनेक विद्वानांनीं तीं हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळचीं मानलीं, तरी त्यांच्या काळाचा वाद पुरता मिटला नाहीं.

उलट नाशिकजवळच्या जोगळटेंभीस 1906 सालीं सांपडलेला चांदीच्या नाण्यांचा सांठा मोजला गेला. नाणीं सुमारे 13,250. मुळांत क्षत्रप नहपानाचीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का उमटविलेला. एका राजानें दुसऱ्यावर मिळविलेला विजय त्या आंकड्यानेंच सांगितला. तीं नाणीं चार-चार, दहा-दहा अशीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर चांदी उरली असती; वृत्तांत मात्र जळाला असता.

परदेशींहि हाच अनुभव आहे. न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतांत 1866 च्या सुमारास चिनी लोक सोन्याच्या शोधार्थ येऊं लागले. त्यांच्या ओसाड वस्त्यांत चौकोनी भोंकाचीं चिनी नाणीं मिळतात. हौशी शोधकाच्या खिशांत असें नाणें म्हणजे केवळ एक कुतूहल. पण त्या मुलखांत तें चलन नव्हतें. जुगाराच्या खेळांत त्याचा उपयोग होई. तें कोणत्या झोपडींत किती मिळालें, हें नोंदलें गेलें तरच घरापासून दूर पडलेल्या त्या माणसांची संध्याकाळ कोठें सरे हें उमगतें.

आपल्याकडील 1878 च्या निखात-निधि कायद्यानें हें जणूं ओळखलें होतें. दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें. त्यांत काय मिळालें एवढेंच नव्हे, तर कोठें व केव्हां मिळालें हेंहि लिहावयाचें असतें. सरकारनें तें धन घेतल्यास त्यांतील द्रव्याची किंमत व तिचा एक-पंचमांश अधिक द्यावा, अशी तरतूद आहे; लपविणाऱ्यास मात्र शिक्षा आहे. तरीहि चौकशीचा ससेमिरा लागेल या भयानें कित्येक नाणीं रातोरात मुशींत जातात.

शहरांतील श्रोत्यांस हा प्रश्न खेड्यांतला वाटेल. पण जुन्या नाण्यास गिऱ्हाईक बहुधा शहरांतच भेटतें. नाणें कोठून आलें हें न विचारतां जो तें विकत घेतो, तो पुढच्या खड्ड्याची मजुरीच आगाऊ देतो. तीर्थपुरीच्या शेतकऱ्यानें नाणें लागतांच नांगर थांबवून जागेवर खूण करावी, आणि शहरांतील संग्राहकानें त्या जागेची विचारपूस करावी. धन पुन्हां मिळवितां येतें. मोडलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं.