नाव असलेलं कॉलेज

आजचा भाग थोडा घरगुती आहे. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा सीझन आहे, त्यामुळे तुमच्यापैकी निम्मे लोक ऑप्शन फॉर्म भरत असतील आणि उरलेले निम्मे कुणाला तरी सल्ला देत असतील. मी दुसऱ्या गटातला. आणि सल्ला देताना मी एक घोळ करून ठेवला होता, तो सांगायचाय.

मागच्या आठवड्यात बार्शीहून मामांचा फोन आला. त्यांच्या मुलीला सीईटीला बरे पर्सेंटाइल पडलेत. घरातली पहिलीच इंजिनिअर होणार. मामा म्हणाले, "फॉर्म भरलाय. पहिल्या नंबरला तुझंच कॉलेज टाकलंय. तू म्हणला होतास ना, लई चांगलंय म्हणून."

मी म्हणालो होतो, खरंय. कुठल्यातरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत. "मामा, एकदम टॉप कॉलेज." आता कुणी विचारलं तर आपण काय म्हणणार? चार वर्षं आणि घरच्यांचे पैसे घातलेत तिथे. आपल्याच डिग्रीला आपण नावं ठेवणार का?

हाच माझा आजचा मुद्दा आहे. कॉलेजचं नाव कोण तयार करतं? बऱ्याच अंशी आपणच. आणि आपल्याला ते मोठं ठेवण्यात फायदा असतो.

माझ्या कॉलेजचं नाव मी घेणार नाही, घेण्यात अर्थही नाही, कारण असं घडलेलं तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा नॅकची कमिटी यायची होती. दोन महिने आधी भिंतींना रंग लागला. वर्षभर कुलूप असलेली लॅब उघडली, आत नव्या कोऱ्या खुर्च्या. लायब्ररीत कुणी कुठे बसायचं याची यादी लागली. मला 'वाचन करणारा विद्यार्थी' ही भूमिका मिळाली, सकाळी दहा ते साडेअकरा. जे पुस्तक हातात दिलं ते माझ्या ब्रँचचंही नव्हतं.

त्याच्याआधी ईमेलवर विद्यार्थ्यांच्या समाधानाचा सर्व्हे आला होता. ही लिंक थेट विद्यार्थ्याला येते, म्हणजे खरं सांगायची ती एकमेव जागा. एका सरांनी वर्गात येऊन सांगितलं, "पोरांनो, ग्रेड वाढली तर तुमच्याच डिग्रीची किंमत वाढणार आहे." मी सगळीकडे वरचा पर्याय टिकमार्क केला. त्या सेमिस्टरला एका विषयाला आमचे तीन शिक्षक बदलले होते, तरी. ग्रेड चांगली आली. मी व्हॉट्सॲप स्टेटसही ठेवलं.

आता कुणी म्हणेल, ग्रेड सोड, कटऑफ बघ, कटऑफ खोटं बोलत नाही. बरोबर आहे. पण कटऑफ म्हणजे काय, तर त्या ब्रँचला शेवटची सीट किती पर्सेंटाइलवर गेली. ती मागणी आहे. मिसळीच्या दुकानाबाहेर रांग आहे म्हणून आपण रांगेत उभे राहतो, आपण उभे राहिलो म्हणून रांग लांब दिसते. पुढच्या वर्षी पोरं मागच्या वर्षीचा कटऑफ बघून फॉर्म भरतात. वर्गात तास होतात की नाही, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. हां, एक गोष्ट असते: शेजारच्या बाकावर कोण बसणार. हुशार पोरं बरोबर असणं ही लहान गोष्ट नाही. मला जे काही कोडिंग येतं ते होस्टेलच्या रूममेटने शिकवलंय.

मग रँकिंग. आपल्याकडे एनआयआरएफची पहिली यादी 2016 साली आली. इंजिनिअरिंगच्या यादीत दहा टक्के वजन 'परसेप्शन'ला आहे. म्हणजे प्राध्यापक मंडळींना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना विचारतात, तुमच्या मते कोणतं चांगलं? ज्याचं नाव आधीच माहीत आहे त्याचंच नाव माणूस सांगणार. पुण्याचं सीओईपी 1854 पासून आहे, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 पासून. त्यांचं नाव तीन-चार पिढ्यांनी घरोघरी पोचवलंय. कुठेतरी तालुक्याला पंधरा वर्षांपूर्वी निघालेलं कॉलेज उद्यापासून उत्तम शिकवायला लागलं, तरी हे सर्व्हेवाल्यांच्या कानावर जायला किती वर्षं जातील, विचार करा.

आणि उरलेल्या वजनातली बरीचशी माहिती कॉलेजनेच भरून दिलेली असते.

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. अमेरिकेत 'यू. एस. न्यूज' नावाचं प्रकाशन 1983 पासून विद्यापीठांची क्रमवारी लावतं. पहिल्या यादीला तर आकडेवारी नव्हतीच, कॉलेजच्या अध्यक्षांना विचारलं आणि छापलं. पुढे आकडे आले. 2022 साली कोलंबिया विद्यापीठ त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. कोलंबिया म्हणजे बाबासाहेब 1913 साली जिथे शिकायला गेले ते. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या विद्यापीठाने दिलेले आकडे तपासायला घेतले. विद्यापीठ सांगत होतं, आमचे 82.5 टक्के वर्ग वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे आहेत. थॅडियस यांनी वर्ग मोजले, हिशेब जुळेना. त्यांनी ते सगळं आपल्या वेबसाइटवर टाकलं. शेवटी विद्यापीठाने चूक मान्य केली, खरा आकडा 57 टक्क्यांच्या आसपास निघाला. पुढच्या यादीत कोलंबिया अठराव्या नंबरवर.

म्हणजे एका वर्षात सोळा नंबर खाली. पण त्या वर्षात तिथलं शिकवणं सोळा पायऱ्या घसरलं का? वर्ग तेच, शिक्षक तेच. मला ही गोष्ट आवडते ती त्या प्राध्यापकामुळे. स्वतःच्या पाटीवर स्वतः डाग पाडायला काय लागत असेल! मला साधा सर्व्हे खरा भरता आला नाही.

मग नावाला काहीच अर्थ नाही का? इथे मी अडकतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांचा 2002 साली एक अभ्यास आला. त्यांनी असे विद्यार्थी घेतले ज्यांना साधारण सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळत होता. त्यातले काही नामांकित कॉलेजात गेले, काही साध्या. बऱ्याच वर्षांनी दोघांची कमाई बघितली तर जवळपास सारखीच. हुशारी पोरांची होती, कॉलेज फुकट मिरवत होतं. पण एक अपवाद होता. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला. ज्याच्या घरी ओळखी नाहीत, त्याला पाटी ओळख मिळवून देते.

आणि मामांची मुलगी त्या अपवादात बसते. मीही बसत होतो. माझी पहिली नोकरी ज्या ड्राइव्हमधून लागली तिथे ठराविक कॉलेजांनाच बोलावलं होतं. त्या यादीत आमचं होतं, ते नावामुळेच. बंद लॅबवाल्या कॉलेजनेच मला दार उघडून दिलं. आता सांगा, मामांना काय सांगू?

मी दोन्ही सांगितलं. रंगाचं, लायब्ररीचं, तीन शिक्षकांचं, आणि ड्राइव्हचंही. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग लग्नात का नाही बोललास?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग बहिणीला फोन द्यायला सांगितला आणि आम्ही दोघं रात्री बसलो. एनआयआरएफला कॉलेज जी माहिती देतं ती त्यांना स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, ते एका पोराचं. या पीडीएफमध्ये मधला पगार असतो, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. किती पोरं चार वर्षांत पास झाली तेही असतं. शिक्षकांची यादी असते. एका कॉलेजच्या यादीतल्या बऱ्याच जणांची रुजू तारीख एकाच महिन्यातली निघाली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, हे तुमच्या रंगासारखंच दिसतंय." नॅकची ग्रेड अख्ख्या संस्थेची असते, एनबीएची मान्यता ब्रँचनुसार असते, हेही तिनेच शोधून मला सांगितलं. मला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, आता दुसऱ्या वर्षाची दोन-दोन पोरं गाठ. 'कॉलेज कसंय' असं विचारू नकोस, माझ्यासारखं उत्तर मिळेल. विचार, मागच्या आठवड्यात किती तास झाले, आणि प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने केलं का.

काल रात्री पावणेबाराला तिचा स्क्रीनशॉट आला. माझं कॉलेज तिसऱ्या नंबरवर गेलंय. पहिल्या नंबरवर सोलापूरचं एक आहे, ज्याचं नाव मामांनी आणि मी दोघांनी धड ऐकलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, "इथल्या ताईने स्वतःहून लॅबचा व्हिडिओ काढून पाठवला. पंखा बंद होता, पण पोरं काम करत होती. पप्पा अजून रुसलेत, तू एकदा बोल."

आज संध्याकाळी बोलणार आहे.