दारू सोडवायची तर पायऱ्या माहीत पाहिजेत

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला 'पाचवे शील' हा विषय दिला होता. त्यावर भन्तेजी आमच्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं बोलतील. परमपूज्य बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. पाठ असूनही वस्तीत काय चाललंय ते आपण रोज बघतो. म्हणून आम्ही अध्यक्षांना म्हणालो, शील का पाळावं हे आम्ही सांगत नाही. ज्याचं शील मोडून गेलंय, ज्याचा हात सकाळी उठल्याबरोबर थरथरतो, त्याला परत कसा आणायचा, तेवढं बोलू द्या. आम्ही काही डॉक्टर नाही. नववीतून शाळा सुटली, त्यानंतर जे वाचलं ते रात्रपाळीत आणि वाचनालयात. पण या विषयात आमच्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती आधी सांगतो, मग बाकीचं.

दहा-अकरा वर्षांमागची गोष्ट. आपल्याच वस्तीतला एक भाऊ. कष्टाला वाघ, पण सकाळी तोंड धुवायच्या आधी बाटली लागायची. वैशाख पौर्णिमेला आम्ही चार कार्यकर्ते त्याला धरून याच विहारात घेऊन आलो. पंचशील घेतलं, सगळ्यांसमोर शब्द घेतला. तो रडला, आम्हीही रडलो, टाळ्या झाल्या. मग आम्ही त्याच्या घरी जाऊन सांगितलं, "वहिनी, आठ दिवस दाराला बाहेरून कडी. काय बी झालं तरी थेंब द्यायचा नाही."

पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. आम्ही म्हणालो, विष निघतंय, निघू द्या. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंगी नव्हती. मेलेल्या बापाशी बोलायला लागला. शेजारची म्हातारी म्हणाली, बाहेरचं झालंय, देवऋषी बोलवा. आम्ही तिच्यावर ओरडलो, ही अंधश्रद्धा आपल्याकडे चालायची नाही. ओरडलो ते बरोबरच होतं. पण देवऋषी नको म्हणणाऱ्या आम्हाला डॉक्टर पाहिजे हे सुचलं नाही. तिसऱ्या रात्री झटके आले. जीप मिळेपर्यंत तास गेला. नगरच्या रस्त्याला लागलो आणि तो गेला.

नंतर एका डॉक्टरसाहेबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "ह्या माणसाला दारूनं मारलं नाही, दारू एकदम तोडल्यानं मारलं." ती वहिनी आज या सभेत बसलेली आहे. तिला विचारूनच आम्ही हे बोलतोय.

कारखान्यातल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळेल. मिलच्या टर्बाइनवर लोड असतो तोवर ती ठरल्या वेगानं फिरते. लोड एकदम सुटला आणि गव्हर्नरनं काम केलं नाही, तर ती सुसाट पळते आणि फुटते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या मेंदूवर दारूचा लोड असतो. दारू मेंदूला दाबते, मेंदू उलटा जोर लावून चालू राहतो. एका दिवसात दारू काढली की तो उलटा जोर तसाच राहतो. सहा तासांपासून दिवसभरात थरथर सुरू होते, साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, ताप, बडबड. सगळ्यांनाच असं होत नाही. पण ज्याला होतं त्याचा जीव जाऊ शकतो.

तर पहिली पायरी ही, शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवणे. डॉक्टर मेंदू शांत ठेवणारी गोळी आधी जास्त देतात आणि आठवडाभरात हळूहळू कमी करत बंद करतात. म्हणजे गव्हर्नरचं काम गोळी करते. सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. आपल्याकडे दारुड्याला अशक्तपणा आला की ग्लुकोजची बाटली लावायची पद्धत आहे. बी-वन दिल्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तर रागावू द्या.

यात सगळ्यांनाच दाखल करावं लागतं असं नाही. जो संध्याकाळीच पितो, ज्याला पूर्वी कधी झटके आले नाहीत, घरात धड माणूस आहे, त्याला डॉक्टर घरी ठेवून रोज तपासूनही बरा करतात. ज्याला थरथर थांबवायला सकाळी प्यावी लागते, पूर्वी झटके किंवा भास झालेत, कावीळ झालेली आहे, वय झालंय, किंवा घरी बघायला कोणी नाही, त्याला दवाखान्यात दाखल केलंच पाहिजे. त्याला नुसत्या शपथेवर सोडायचं नाही.

आता मारहाणीबद्दल. आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की कोणीतरी राळेगणसिद्धीचं नाव काढतंच. 1975 नंतर अण्णा हजाऱ्यांनी तिथल्या भट्ट्या बंद केल्या, गाव सुधारलं, हे नाकारायचं कारण नाही. पिणाऱ्यांना देवळाजवळ खांबाला बांधून मारलं, हेही त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. भट्टी बंद करणं वेगळं आणि माणसाला बरं करणं वेगळं, असं आमचं मत आहे. खांबाला बांधून कुणाला मारलं जायचं हे आपल्या समाजाला नव्यानं सांगायला नको. तो दोर आपण आपल्या माणसाच्या हाताला बांधायचा नाही.

आणि मारणारी, डांबणारी केंद्रंही आहेत. एका ठिकाणी आम्ही पोरगा ठेवला होता. महिन्यानं भेटायला गेलो तर पायाला साखळीचा वण. पैसे भरलेले तसेच सोडून त्याच दिवशी घेऊन आलो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 च्या मे महिन्यापासून लागू आहे. दारू आणि ड्रग्जमुळं होणारा मानसिक त्रास त्याखाली येतो, आणि साखळीनं बांधायला त्यात साफ मनाई आहे. अशा केंद्राला सरकारी नोंदणी लागते. म्हणून कुठंही नेण्याआधी नोंदणीचा कागद बघायला मागा.

दुसरी पायरी, केंद्रात राहून मन घडवणे. यात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं नाव म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचटांनी 1986 मध्ये ते उभं केलं. अनिताताई 1997 मध्ये गेल्या, अवचट 2022 च्या जानेवारीत गेले, पण त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढं चालू ठेवलं. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा.

वस्तीतला आणखी एक भाऊ आम्ही तिथं नेला. यावेळी अक्कल आलेली होती, ऑफ सिझनमध्ये रजा टाकली. तोही आज इथं आहे, नाव सांगत नाही. आम्हाला वाटलं होतं तिथं काही भारी औषध देत असतील. तो परत आल्यावर म्हणाला, "औषध थोडं, बोलणं लई." एवढ्या एका वाक्यात त्यानं सगळी उपचारपद्धती सांगितली.

ते बोलणं म्हणजे आपल्यासारखं भाषण नव्हे. समुपदेशक शिव्या देत नाही आणि उपदेशही करत नाही. तो विचारतो, दारूनं तुम्हाला काय मिळतं? मग विचारतो, काय गेलं? आणि माणूस स्वतःच्या तोंडानं हिशेब मांडेपर्यंत गप्प बसतो. आम्हा कार्यकर्त्यांना हे सगळ्यात अवघड. आमच्या तोंडाला कुलूपच नाही.

दुसरं म्हणजे, प्यावंसं नेमकं कधी वाटतं ते शोधायला शिकवतात. आमच्या या भावाला वहीत लिहायला लावलं. त्यात काय निघालं? पगाराचा दिवस. पाळी सुटल्यावर गेटापासून डाव्या हाताचा रस्ता. बायकोच्या भावाचा फोन. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार दिवस सांभाळायचे. तल्लफ लाटेसारखी येते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा अर्धा तास कुठं काढायचा ते आधीच ठरवून ठेवायचं. आता तो गेटाच्या उजव्या हातानं येतो, पाऊण किलोमीटर जास्त चालतो, आणि पगार बायकोच्या खात्यावर जमा होतो.

तिसरं, गट. अमेरिकेत 1935 मध्ये दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना धरून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. तिथं कोणी साहेब नाही, फी नाही. दारू सोडलेला माणूस सोडू पाहणाऱ्याशी बोलतो, बस. घरच्या बायकांसाठीही वेगळे गट असतात. माता-भगिनींनो, नवरा बरा होणं हा एक भाग झाला. पंधरा वर्षं मार खाल्लेली, रोज रात्री पावलांचा आवाज ऐकून पोटात गोळा येणारी बाईसुद्धा उपचारालाच बसली पाहिजे.

आता सगळ्यात लांब पायरी. पस्तीस दिवसांनी माणूस घरी आला की आपण पेढे वाटतो आणि मोकळे होतो. ऊस कधी एका मिलमधून गेला आणि झालं, असं होतं का? चार-चार, पाच-पाच मिलमधून जातो, मध्ये पाणी मारतात, तरी भुशात साखर राहतेच. आमचा हा भाऊ घरी आला तो उन्हाळा नीट गेला, दिवाळीच्या बोनसला घसरला. वस्ती हसली. "बघा, गेले पैसे पाण्यात." आम्हालाही दोन दिवस तोंड दाखवावंसं वाटेना. पण केंद्रातून निरोप आला, घसरला तर लगेच घेऊन या, उशीर करू नका. डायबेटीसवाल्याची साखर वाढली तर आपण त्याला वाळीत टाकतो का? परत नेला. त्याला आता सहा वर्षं झाली.

औषधंही आहेत या पायरीवर. तल्लफ कमी करणारी गोळी आहे. दुसरी एक गोळी अशी की ती घेऊन दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या नजरेखाली द्यायची असते. आणि इथं आम्ही हात जोडून सांगतो. बाजारात 'न कळत दारू सोडवा' म्हणून पुड्या मिळतात, आपल्या भगिनी त्या भाजीत कालवतात. त्यात काय असतं सांगता येत नाही. तीच गोळी कुटून घातलेली असेल आणि त्यावर तो क्वार्टर प्यायला, तर रक्तदाब पडून मरू शकतो. मग तुमच्यावर काय बालंट येईल?

काही उपासक म्हणतात, सरळ इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. विपश्यना चांगलीच. अमेरिकेत सिएटलला ॲलन मार्लट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांवर तिचा अभ्यास केला आणि व्यसनाकडे परत न घसरण्यासाठी सजगतेवरची उपचारपद्धती तयार करायला हातभार लावला. पण हात थरथरणाऱ्या माणसाला दहा दिवस मौनात बसवणं म्हणजे आमची कडीच पुन्हा. आधी दवाखाना. ध्यान नंतर.

'एम्स'नं केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार 180 मध्ये एकाला. ज्या मळीची दारू होते ती आमच्याच कारखान्यांतून निघते. देशीची दुकानं मोजायला लागलो तर हाताची बोटं पुरत नाहीत. आणि उपचार 38 मध्ये एकाला. हा प्रश्न शीलाइतकाच व्यवस्थेचाही आहे, आणि मतं मागायला येणाऱ्यांना तो विचारायचा आहे.

तोवर आपल्या हातातलं सांगतो. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढून विचारा. नशामुक्तीची सरकारी फोन सेवा 14446 आणि मानसिक आरोग्याची 14416, दोन्ही फुकट आहेत. विहाराच्या मागच्या खोलीत दर शनिवारी रात्री आठला आम्ही पाच-सहा जण बसतो. नाव लिहून घेत नाही, शपथ घेत नाही. ज्याला सोडायची आहे त्यानं यावं, ज्याची दोनदा सुटून परत लागली त्यानं आधी यावं. दार उघडायला तीच वहिनी असते. आलेल्या माणसाला ती पाणी देते आणि पहिलं हेच विचारते, "दादा, शेवटची कधी घेतली? डॉक्टरला दाखवलं का?" नसेल दाखवलं तर सकाळच्या पहिल्या एसटीनं नगरला कोण सोबत जाणार, ते तिथंच ठरतं. आत्तापर्यंत सोबतीची पाळी चारच जणांवर येते. आणखी माणसं पाहिजेत.

जयभीम.