भांडण दोघांचं, झळ मुलांना आणि नानीला

(नारायण पेठ, पुणे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



नारायण पेठेत बोलायला बोलावलंत, म्हणून आधी या पेठेतलीच एक आठवण सांगते. माझ्या लहानपणी या भागात छापखाने आणि बाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली होती. त्यातल्या एका दुकानात माझी अम्मी फर्मे मोडायला यायची. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, फर्मे क्रमाने लावायचे, पुठ्ठ्याला खळ लावायची. जितकं काम तितके पैसे. शाळा सुटली की मी इथं यायची आणि कागदाच्या गठ्ठ्याला टेकून गृहपाठ करायची. ही 1988 ची गोष्ट. मी सात वर्षांची होते. त्याच वर्षी अब्बांनी अम्मीला तलाक दिला होता आणि आम्ही दोघी मोमीनपुऱ्यात नानीच्या दीड खोलीत राहायला आलो होतो.

माझ्या खर्चाचं काय, असं मामूंनी चार जाणत्या माणसांना विचारलं. उत्तर मिळालं, 'आता नवा कायदा झालाय. पोरगी दोन वर्षांची होईपर्यंतच खर्च मागता येतो. ही तर सात वर्षांची आहे.' विषय तिथंच संपला. नानी शर्टांना काज-बटण करायची, ती आणखी गठ्ठे घरी आणू लागली.

तो कायदा म्हणजे शाहबानो निकालानंतर आलेला 1986 चा कायदा. त्यात दोन वर्षांचा उल्लेख खरोखर आहे. पण ती तरतूद तलाकशुदा आईसाठी आहे, तान्ह्या मुलाला सांभाळते म्हणून तिला मिळणाऱ्या रकमेची. मुलाचा स्वतःचा हक्क वेगळा आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून खटल्यात स्पष्ट केलं. बिहारमधली तीन मुलांची ही आई कोर्टात गेली, म्हणून आज आपल्याला ठामपणे सांगता येतं की मुस्लीम बापावरही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मुलांच्या पोटगीची जबाबदारी आहे. मूल सज्ञान होईपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंत. 1986 च्या कायद्याने ती जबाबदारी संपत नाही. 1 जुलै 2024 पासून हेच कलम नव्या संहितेत 144 व्या क्रमांकावर आहे.

हा निकाल आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. दहावीनंतर शाळा सोडून एका दुकानात कामाला लागले होते. पुढचं शिक्षण बाहेरून, रात्री अभ्यास करून केलं. निकालाबद्दल मला पंधरा वर्षांनी कळलं. शाहबानोचं नाव आपल्या सभांमध्ये शंभरदा ऐकलं, नूर सबाचं एकदाही ऐकलं नव्हतं. ही तक्रार करताना मी स्वतःलाही वगळत नाही, कारण तोवर मीही तुमच्यासारखीच कार्यकर्ती झाले होते.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. त्यांच्या हिमतीवर आपण उभे आहोत. 2017 साली तोंडी तलाक रद्द ठरला, 2019 साली कायदा झाला. त्या कायद्याची शिक्षेची बाजू सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं पाचवं कलम अशा स्त्रीला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलांना निर्वाह भत्ता देतं, हे किती जणांना माहीत आहे? आपली भाषा नवरा-बायकोची राहिली. मूल त्या भाषेत 'पदरात दोन मुलं' एवढंच येतं.

आता संशोधन काय सांगतं ते पाहू. आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, 'मुलांसाठी तरी सहन कर.' दुसरं म्हणतं, 'मुलं लहान आहेत, विसरतील.' दोन्ही तपासून घ्यायला हवीत. 1991 साली अमेरिकेत पॉल अमॅटो आणि ब्रूस कीथ यांनी 92 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात 13 हजारांहून जास्त मुलं होती. आईबाप वेगळे झालेल्या मुलांना अभ्यासात, वागण्यात, मनःस्वास्थ्यात सरासरीने थोडा तोटा दिसला. पण एकत्र राहून सतत भांडणाऱ्या आईबापांच्या मुलांची अवस्थाही चांगली नव्हती. मुलाला पोखरतो तो मुख्यतः घरातला न संपणारा कलह.

मला याचं नवल वाटलं नाही. तलाकनंतर नानीच्या घरी मला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली होती. आणि त्याच घरात प्रत्येक ईदला मी दुपारपर्यंत अब्बांची वाट पाहत दारात बसायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या अम्मीला कधीच सांगितल्या नाहीत, कारण तिला त्रास होईल असं वाटायचं. सात वर्षांचं मूल आईला सांभाळत होतं.

हा फक्त आपल्या समाजाचा प्रश्न आहे असं समजू नका. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 29 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यात सगळे धर्म, सगळ्या जाती आहेत. याच सर्वेक्षणांतून आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिने लहानपणी बापाला आईवर हात उचलताना पाहिलं, तिच्या स्वतःच्या संसारात मार खाण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे मुलं विसरत नाहीत.

मग सावरतात ती मुलं कशी सावरतात? हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, कलह, आजारी आईबाप अशा घरांतल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं चांगली, धड माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसली. कुणीतरी एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी कायम होतं. पुष्कळदा ती आजी होती, आजोबा होते.

माझ्या बाबतीत ती नानी होती. पहाटे चारला नळावर नंबर लावणारी, मला शाळेत सोडणारी, रात्री माझ्या केसांतून हात फिरवत 'रोना नको बेटा, मैं है ना' म्हणणारी. तिचे गुडघे गेले, दम लागायला लागला. अम्मीच्या तलाकबद्दल घरात दहा बैठका झाल्या, पण एकाही बैठकीत कुणी नानीला विचारलं नाही की तुला हे झेपेल का. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं दिसलं. एक संसार मोडला की त्याच्या कामाची भर दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईवर पडते. ती कोलमडली तर मुलाचा आधारच जातो.

म्हणून आपल्या सल्ला केंद्रांसाठी माझ्या काही विनंत्या आहेत. बाई तक्रार घेऊन आली की मुलांची नावं, वयं, शाळा वेगळ्या कागदावर लिहा. पोटगीच्या अर्जात मुलांची मागणी स्वतंत्र करा. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्जाला उशीर करू नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथं उत्पन्नाची अट नाही. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज भरून द्या. खुला किंवा तलाकचा समझोता लिहिताना फी कोण भरणार आणि बाप मुलाला कधी भेटणार, हे तारखेसकट लिहा.

आणि मुलाशी पाच मिनिटं एकट्याशी बोला. 'कुणाकडे राहायचंय?' असं विचारून त्याला कोड्यात पाडू नका. 'झोप लागते का? जेवतोस का? मनातलं कुणाला सांगतोस?' एवढं विचारा. मग ज्या माणसाचं नाव तो घेईल, त्या माणसाला पुढच्या वेळी बोलवा. बहुतेक वेळा दाराबाहेर चप्पल काढून एक नानी आत येईल. तिला खुर्ची द्या, पाणी द्या आणि तिला काय हवंय ते विचारा.

माझी नानी आता नाही. तिला हे विचारायचं माझ्याकडूनही राहून गेलं.