मैदान वहिवाटीने टिकते



वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन कापसाला जितकी अनुकूल, तितकीच बांधकामाला प्रतिकूल. मे महिन्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या सरी कोसळल्या की तीच जमीन फुगून वर येते. हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. घराच्या भिंतीला गेलेले तडे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. परंतु गावात किंवा वस्तीत मुलांसाठी बास्केटबॉलचे मैदान करावयाचे ठरले, की हे पिढीजात ज्ञान बैठकीच्या बाहेरच राहते. रंग कोणता द्यावा, फलक केवढा लावावा, उद्घाटनाला कोणास बोलवावे, यावर चर्चा होते. जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांत कोबा फुटतो, रिंग वाकते, मुले येईनाशी होतात आणि मैदानावर वाहने उभी राहू लागतात. समाजाचा पैसा गेला, याहून मोठी हानी ही, की खेळू पाहणारी एक पिढी तेथून परत गेली.

म्हणूनच चांगले मैदान कशाला म्हणावे, याचा विचार वीट रचण्यापूर्वी करावयास हवा.

या खेळाचा जन्मच मुळी छपराखाली झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंगची उंची आजही तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. घरात जन्मलेला खेळ उघड्यावर आणावयाचा, तर पायाखालची जमीन तितकीच विश्वासू असावी लागते.

हे न पाळल्यास काय होते, याचा धडा साऱ्या जगाने १९३६ मध्ये बर्लिनला घेतला. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला त्या वर्षी प्रथमच पदकाचा मान मिळाला. सामने मात्र माती व वाळूच्या उघड्या टेनिस मैदानांवर ठेवले होते. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला आणि चेंडूचा टप्पाच पडेना. अमेरिकेने कॅनडावर १९-८ असा विजय मिळविला. उत्तरार्धात तर दोन्ही संघांना मिळून आठच गुण करता आले. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्याच वर्षी बर्लिनला गेले होते व तेथे त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आपल्या कबड्डीला मऊ माती हवी, कारण तेथे अंग जमिनीवर पडते. बास्केटबॉलला कठीण व सपाट भूमी हवी, कारण तेथे चेंडू जमिनीवरून हाताशी परत यावा लागतो. प्रत्येक खेळाचा जमिनीशी वेगळा करार असतो. एकाच कोब्यावर सर्व खेळ उरकण्याचा मोह म्हणून आवरावा.

काळ्या जमिनीवर मैदान करताना पहिला खर्च डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर करावा लागतो. वरची काळी माती खणून काढावी, त्या जागी मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबावा, त्यावर गिट्टी व मग काँक्रीट घालावे. काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर जोड ठेवावेत, म्हणजे तडा मनास येईल तेथे जात नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे काम करूच नये. केल्यास पहाटे करावे आणि पुढे निदान पंधरवडाभर पाणी मारण्यात कसूर करू नये. पृष्ठभाग घोटून आरशासारखा केला तर पाय घसरतो आणि फार खरबरीत ठेवला तर गुडघे व चेंडू दोन्ही सोलतात. ओल्या काँक्रीटवर झाडू फिरवून येणारा पोत सर्वांत बरा.

दुसरी गोष्ट पाण्याची. मैदान भोवतालापेक्षा उंच असावे व त्याला एकाच दिशेने शंभरास एक इतका उतार द्यावा. पंधरा मीटर रुंदीत तो पंधरा सेंटिमीटर भरतो. खेळताना तो जाणवत नाही, पण पाऊस थांबल्यावर पाणी नालीकडे निघून जाते. कोब्याच्या कडेला मुरणारे पाणी खालची माती फुगवते, म्हणून नाली हा मैदानाचाच भाग समजावा.

तिसरी गोष्ट सूर्याची. लांबी उत्तर-दक्षिण ठेवल्यास मावळता सूर्य नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. दिव्यांचे खांबही रिंगच्या मागे न ठेवता बाजूंना असावेत. विदर्भातील उन्हाळ्यात खेळ पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतरच होणार. कडुनिंबाची सावली बसणाऱ्यांना हवीच, पण झाड कोब्यापासून दूर लावावे. मुळे जमिनीतील ओल शोषतात आणि काळी माती आक्रसली की कोब्याचा आधार सुटतो.

पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. भोवती दोन मीटर मोकळी जागा हवी. रेषेला खेटून भिंत किंवा खांब असेल, तर धावत आलेला मुलगा त्यावरच आदळणार. रिंगचा आतील व्यास ४५ सेंटिमीटर असतो. तिला जाळी अवश्य हवी, कारण चेंडू आतून गेला की बाहेरून, हा वाद जाळीच मिटवते. तीन गुणांची रेषा २०१० पासून ६.७५ मीटरवर गेली आहे. पूर्वीच्या ६.२५ च्या रेषेवर सराव करणारा मुलगा स्पर्धेत जाताच अर्धा मीटर मागे पडतो. चुकीची रेषा चुकीचा संस्कार करते.

एवढी जागा नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. तिघांविरुद्ध तिघे असा एकाच रिंगवरचा खेळ टोकियो ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ झाला आहे. त्याला १५ बाय ११ मीटर जागा पुरते. देवळी, सेलू, आष्टी, कारंजा अशा तालुक्यांतील लहान गावांनी दोन निकृष्ट रिंग उभ्या करण्यापेक्षा एक उत्तम उभी करावी. शेजारी बारा वर्षांखालील मुलांसाठी २.६० मीटरची एक रिंग असली, तर लहानग्यांची ताकद उंचीशी झगडण्यात वाया जात नाही.

परंतु, सज्जनहो, हे सारे जमले तरी मैदान चांगले होतेच असे नाही. चांगले मैदान ते, जेथे चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी निःसंकोच येऊ शकते. त्यासाठी वाट उजेडाची हवी, मैदान रस्त्यावरून दिसणारे हवे आणि कडेच्या बाकावर वस्तीतील आजी-आजोबा बसलेले हवेत. चार वडीलधारी माणसे रोज बसू लागली, की टवाळी आपोआप थांबते. मुलींची वेळ फळ्यावर लिहिलेली असावी व मोठ्या मुलांनी ती पाळावी. नवख्याला संघात घेण्याचा नियम असावा. जिंकणारा संघ मैदानावर राहतो, ही रीत चांगलीच. पण सलग दोन डाव जिंकल्यावर त्यानेही उठावे, म्हणजे दुर्बळांनाही हात साफ करता येतो. कोण कोणत्या घरचा, हे चेंडूला कळत नाही. मैदानालाही कळता कामा नये.

१९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी नेण्याचा विचार मांडला. खेळापूर्वी पाच मिनिटे मैदान झाडणे, पावसाळ्याआधी नाली उपसणे, दिवाळीत रेषा रंगविणे, ही कामे मुलांच्या हातून झाली, तर तेही शिक्षणच होय. ज्याने रेषा रंगविली, तो त्या रेषेवर दुचाकी उभी करू देत नाही.

कोणतेही कार्यालय मैदान बांधून देऊ शकते, पण त्याची वहिवाट पाडून देऊ शकत नाही. ती वस्तीलाच पाडावी लागते. पुढच्या वेळी बैठक बसेल तेव्हा पहिला प्रश्न जमिनीचा असावा आणि शेवटचा हा असावा, की उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू कोण घेणार? ज्या वस्तीत या प्रश्नावर चार हात वर होतात, तेथे मैदान जरूर करावे.