साथीदाराची बिदागी



ज्याची उभी हयात मुख्य गायकाच्या डाव्या अंगाला, पेटीचा भाता हलवीत गेली, त्याला आज आपण या परिषदेत व्यासपीठाच्या मध्यभागी आणून बसविलेत, हा बहुमान मी नम्रपणे स्वीकारतो. परंतु सन्मानाच्या शालीखाली आपण सर्वच जो चरितार्थाचा प्रश्न झाकून ठेवतो, तो आज उघड्यावर मांडण्याची मुभा मला असावी.

पैशाच्या स्पर्शाने संगीत विटाळते, असे मानणाऱ्यांना मी इतकेच विचारीन, की ते विनामूल्य होते तरी केव्हा? गायक अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबाराचा आश्रय होता. पण शाहू छत्रपती 1922 साली निवर्तले आणि ज्या वयात माणसाने स्वस्थ बसावे, त्या वयात खाँसाहेबांना मुंबईची वाट धरावी लागली. राजाश्रयातील ही परवशता त्याआधीच ओळखून पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तिकीट लावून जलसे केले, गवयाला समाजात मानाने बसण्याची जागा मिळवून दिली. आणि त्याच थोर पुरुषाने मुंबईत हौसेने उभारलेली विद्यालयाची वास्तू पुढे कर्जापायी लिलावात निघाली. दरबारात धन्याची मर्जी सांभाळावी लागे, लोकाश्रयात सावकाराची.

पुढे ध्वनिमुद्रिका आली, तिने गाणे घरोघर पोचविले, मात्र तासाभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत आवरावयास लावला. नभोवाणीने गवयाला नियमित कार्यक्रम दिले, पण 1940 साली पेटीला आपल्या दारातून मज्जाव केला. बोलपट आला, तेव्हा गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद सजविले. रोख मोबदला हाती पडे, नाव मात्र तबकडीवर क्वचितच उमटे.

या देवघेवीतून मीही सुटलो नाही. वधूपरीक्षेत म्हणून दाखविण्यापुरती दोन नाट्यपदे हवी असलेल्या मुलींच्या शिकवण्या मी कित्येक वर्षे केल्या. त्यांनी घरभाडे भागले, मुलांची शिक्षणे झाली, पण सकाळचा रियाज जो सुटला तो सुटलाच. तो व्यवहार तोट्याचा होता, असे मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच, की त्याची किंमत कोणी मला आधी सांगितली नाही. सांगितली असती, तर दोन शिकवण्या कमी करून एक तास तरी मी राखून ठेवला असता. तरुणांनो, पोटासाठी काय विकावयाचे आणि कोणता तास कोणत्याही मोलाने द्यावयाचा नाही, हा हिशेब पहिली बिदागी घेण्यापूर्वीच करा.

व्यवस्थापकांनाही माझी एक विनंती आहे. मैफल ठरते गवयाशी, आणि साथीदाराला काय द्यावयाचे ते मैफल उठल्यावर, गादीच्या कडेला उभे राहून, दबक्या आवाजात ठरते. घासाघीस करावी तर लोभी ठरावे, न करावी तर प्रवासखर्च पदरचा जावा. हा रिवाज याच परिषदेत मोडावा. साथीदाराची बिदागी आमंत्रणाच्या पत्रातच लिहावी आणि त्याचे नाव पत्रिकेवर छापावे. उद्याच्या जलशाच्या पत्रिका अजून छापखान्यातच आहेत, असे मला कळले आहे. आरंभ तेथूनच व्हावा.