टीप कुणाच्या हातात जाते?

आम्ही वेरूळहून बोलतोय. लेण्यांच्या रस्त्यावर पिठलं-भाकरीची खानावळ चालवणाऱ्या बचत गटाच्या बाया आम्ही. हे भाषण सगळ्यांनी मिळून तयार केलंय, वाचतेय मात्र एकजण.

कन्नडकडच्या एका गटाकडून आम्हाला निरोप आला होता. त्यांच्या पंधरा बाया शहरात मेळाव्याला गेल्या, परतताना एका बऱ्याशा हॉटेलात जेवल्या. बिल आलं तेव्हा खाली ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून वेगळी रक्कम लावलेली. वेटरला विचारलं, तर तो म्हणाला, “सगळ्यांनाच द्यावा लागतो, ताई.” त्यांनी दिला. आता विचारतात, खरंच द्यावा लागतो का?

नाही. द्यावा लागत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने सेवा शुल्क आपोआप बिलात लावायचं नाही. दुसऱ्या कुठल्या नावाखालीही लावायचं नाही. देत नाही म्हणून कुणाला दारात अडवायचं नाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि प्रकरण जवळजवळ पावणेतीन वर्षं लोंबकळलं. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू धरली आणि संघटनांना दंडही लावला. त्यावर मालकांनी अपील केलेलं आहे, पण आज विचाराल तर गिऱ्हाइकाने मनाने दिलं तरच, असा नियम आहे.

पंधरा बायांचा हिशोब करून पाहू. समजा थाळी २०० रुपयांची. पंधरा थाळ्यांचे ३००० झाले. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क, ३०० रुपये. मग जीएसटी पाच टक्के, पण तो ३००० वर नाही, ३३०० वर लावला. म्हणजे १६५. एकूण बिल ३४६५. सेवा शुल्क नसतं तर ३००० आणि १५०, म्हणजे ३१५०. वरचे ३१५ रुपये गेले, शेतातल्या एका बाईच्या दिवसाच्या रोजाइतके. सेवा शुल्क बिलात धरून वर त्याच्यावरही जीएसटी लावायचा नाही, असं त्याच तत्त्वांत लिहिलेलं आहे.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवा. जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो नाकारता येत नाही. फक्त काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचा नसतो, आणि तसं बिलावर छापावं लागतं. बिल हातात आलं की खालच्या ओळी वाचायच्या, नाही वाचता आल्या तर वाचून घ्यायच्या. लाजायचं कशाला, पैसे आपले आहेत.

सेवा शुल्क दिसलं तर आधी शांतपणे सांगायचं, “हे काढून बिल द्या.” बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढलं तर १९१५ या नंबरावर फोन करायचा. हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बिल मात्र टाकून द्यायचं नाही, फोटो तरी काढून ठेवायचा.

एवढं सांगून आम्ही थांबलो असतो. पण आमच्यातल्याच एकीने बैठकीत विचारलं, “आपण ते तीनशे रुपये वाचवले, तर त्या वेटरचे बुडाले ना?” ती स्वतः चार वर्षं एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायला होती. तिचा प्रश्न आम्हाला सोडवेना.

तिचाच अनुभव सांगतो. हॉटेलचं नाव घेत नाही. पगार वाढवा म्हटलं की मालक म्हणायचा, “इथे टीप मिळते, पगार कशाला वाढवायचा?” टीप मिळत होती, पण बाहेर वाढणाऱ्या पोरांना. आत चुलीपुढे बसलेल्या तिला आणि भांडी घासणाऱ्या दोघींना त्यातला रुपया कधी दिसला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, भाकरी फार छान होती, आणि ज्याने ताट आणून ठेवलं त्याच्या हातात वीस रुपये द्यायचं. गिऱ्हाइकाचा दोष नाही, त्याला आतलं काय दिसणार? पोरांचाही नाही, त्यांचा पगारही तुटपुंजाच.

जी रक्कम बिलात येते ती तर मालकाच्या हिशोबात जमा होते. तिच्यातलं किती कामगाराला जाईल हे बिलावर कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून आमचं मत असं झालं, की बिलातले ३०० काढून घ्यायचे आणि त्यातले शंभर-दीडशे, मनाला वाटलं तर, स्वतःच्या हाताने द्यायचे. देताना म्हणायचं, “आत भाकरी करणाऱ्या ताईलाही द्या बरं का.” तो देईलच असं नाही. पण आत कुणीतरी आहे हे त्याला ऐकू तरी जाईल.

आता जरा लांब जाऊ, समुद्रावर. कारण ही बिलातली टीप मोठ्या प्रमाणावर चालते ती प्रवासी जहाजांवर, ज्यांना क्रूझ म्हणतात त्यांच्यावर. आपण काही तिकडे जाणार नाही, पण आपल्या राज्याची, गोव्याची मुलं तिथे कामाला आहेत. जहाजावर जाणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात, आणि तिथल्या कितीतरी घरांचा खर्च तारवट्याच्या पैशावर चालतो. परदेशी जहाजांवर बहुतेक ठिकाणी दर माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टीप म्हणून खात्यावर आपोआप चढते. सोळा डॉलर म्हणजे हजार रुपयांच्या वरच. चार जणांचं कुटुंब सात दिवस गेलं तर १६ डॉलरच्या हिशोबानेही ४४८ डॉलर होतात. बऱ्याच कंपन्यांत प्रवाशाला ती कमी करून घेता येते, पण काउंटरवर जाऊन तसं सांगावं लागतं. लोक संकोचतात. पंधरा बाया संकोचल्या तसंच.

यात एक गोष्ट मात्र आम्हाला पटली. ती रक्कम फक्त वाढणाऱ्याला मिळत नाही. तिची वाटणी होते, आणि खोल्या झाडणारे, कपडे धुणारे, मुदपाकखान्यातले, जे प्रवाशाला कधी दिसत नाहीत, त्यांच्याकडेही वाटा जातो. निदान तसं ठरवलेलं असतं. आमच्या भाकरीवालीला हे ऐकून बरं वाटलं.

न पटलेली गोष्टही आहे. कितीतरी जहाजांवर मूळ पगार बेताचा आणि मोठा भाग टिपेचा. म्हणजे मालकाने द्यायचा पगार प्रवाशाच्या खिशातून जातो. अमेरिकेत तर हे कायद्यातच बसवलंय. तिथे १९९१ पासून केंद्राच्या कायद्याने टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, इतरांना किमान ७ डॉलर २५ सेंट द्यावे लागतात. फरक टिपेतून भरायचा. काही राज्यांनी स्वतःचा नियम चांगला केला आहे, पण केंद्राचा तो आकडा अजून तोच. टीप आहे म्हणून पगार कमी, असा हा प्रकार.

आपल्या देशात तसं नाही, आणि हे प्रत्येक हॉटेलात काम करणाऱ्या बाईने लक्षात ठेवावं. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटलं, की टीप गिऱ्हाईक देतो, मालक नाही, म्हणून कामगाराला काय द्यायचं हे ठरवताना ती मालकाच्या बाजूने मोजायची नाही. २०१६ मध्ये आयटीसीच्या हॉटेलांच्या खटल्यातही, कार्डावर आलेली टीप हॉटेल कामगारांना वाटतं तेव्हा ते फक्त मधला सांभाळणारा असतो, तो पगार नव्हे, असाच निकाल आला. तेव्हा “टीप मिळते ना” हे पगार न वाढवण्याचं कारण होऊ शकत नाही. सरकारने ठरवलेली किमान मजुरी टिपेशिवाय मिळायला हवी.

टिपेवर उभं घर किती कच्चं असतं ते आपण २०२० मध्ये पाहिलं. मार्चात लेणी बंद झाली, ती डिसेंबरातच उघडली. घृष्णेश्वराचं दर्शन बंद, श्रावण कोरडा गेला. फुलं, पेरू, सीताफळ विकणाऱ्यांपासून गाईडपर्यंत सगळे घरात. त्याच एप्रिलात मरेला डिस्कव्हरी नावाच्या जहाजावरून आपल्या देशातली मुलं मुंबई बंदरात उतरवून घेतली होती, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. प्रवासीच नाहीत तर टीप कसली? ज्यांचा पगार निदान कागदावर होता त्यांना मागायला काहीतरी जागा होती.

आपल्याकडे हे शब्द किती आहेत बघा. बक्षिसी, खुशी, दिवाळीची पोस्त, आणि सरकारी कचेरीतलं चहापाणी. शेवटचं यात मोडत नाही. खुशी काम झाल्यावर मनाने देतात, चहापाणी काम व्हायच्या आधी भीतीने. बलुत्याचंही कुणी नाव काढतं, की पूर्वी सुगीला प्रत्येकाचा वाटा ठरलेला असायचा. ठरलेला होता खरा, पण त्याच्याबरोबर जातीचा जाच होता, कुणाला खळ्यावर मानाने आणि कुणाला लांब उभं करून. ते परत नको. वाटा ठरलेला असावा ही गोष्ट मात्र आम्ही उचलली.

ती अशी. आमच्या खानावळीत सहाजणी. पूर्वी जिच्या हातात पैसे पडले तिचे ते. साहजिकच वाढणारीला मिळायचे. आता गल्ल्याजवळ एक डबा ठेवलाय, त्याला फट पाडलेली, आणि किल्ली जी गल्ल्यावर बसत नाही तिच्याकडे. दर रविवारी सगळ्यांसमोर उघडायचा. वाटणी तासांवर. समजा आठवड्याला १२६० रुपये जमले आणि सगळ्यांचे मिळून २१० तास भरले, तर तासाला ६ रुपये. जिने ४२ तास काम केलं तिला २५२. मग ती भाकरी थापो, भांडी घासो की ताट वाढो. मजुरी वेगळी, ती ठरल्याप्रमाणे, डब्यात काही असो नसो.

खरी अडचण फोनच्या पैशांनी केली. आता लोक क्यूआर कोडवर पैसे टाकतात. बिल ४३० झालं, तर ४५० टाकतात आणि म्हणतात, राहू द्या मावशी. ते वरचे वीस जातात गटाच्या खात्यात, विक्रीत मिसळतात. महिनाभर असे किती गेले कळलंच नाही. मग वहीत एक जादा रकाना पाडला, फोनवरची टीप. वीस आले की तिथेच लिहायचं आणि रविवारी तेवढे गल्ल्यातून काढून डब्यात टाकायचे. ही वही कुणालाही उघडून बघता येते. ज्या मोठ्या हॉटेलात तुम्ही कामाला असाल तिथेही विचारून बघा, फोनवरची टीप कुठे जाते. पुष्कळ ठिकाणी उत्तरच मिळणार नाही.

पाहुण्यांविषयी एक सांगायचं राहिलं. वेरूळला बाहेरच्या देशांतले लोक येतात, त्यांच्या चाली वेगळ्या. अमेरिकेतला माणूस बिलाच्या पंधरा-वीस टक्के ठेवून जाईल. जपानहून बुद्ध लेणी बघायला आलेला पाहुणा काहीच ठेवणार नाही, कारण त्यांच्या देशात टीप द्यायची पद्धतच नाही. जेवण आवडलं नाही असं नव्हे. वाकून नमस्कार करून जातो, तोच त्याचा अभिप्राय. आमच्यातल्या धाकटीला आधी राग यायचा. आणि लेकरांनी पाहुण्यांमागे दहा रुपयांसाठी पळू नये, हे आम्ही आमच्या गल्लीत ठरवलंय. शाळेच्या वेळेत तर अजिबात नाही.

एका गोष्टीवर अजून आमचं एकमत नाही. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला इतकी गर्दी होते, की आम्हाला दोन-तीन बाया रोजाने घ्याव्या लागतात. त्यांना डब्यातला वाटा द्यायचा की नाही? निम्म्याजणी म्हणतात, रोज ठरवून दिलाय, डबा गटाचा. निम्म्याजणी म्हणतात, त्या दिवशीची टीप त्यांच्याही हातच्या कामाची आहे, आणि आपणही कधी रोजानेच होतो. येत्या रविवारच्या बैठकीत पुन्हा बसणार आहोत. तुमच्या गटात कुणी खानावळ, पोळी-भाजी केंद्र किंवा हुरड्याचा कार्यक्रम चालवत असेल, तर तुम्ही काय करता ते आम्हाला केंद्रावर कळवा. त्याआधी कळवलंत तर बैठकीत वाचून दाखवू.