सहीचे पान
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपापल्या छंदाविषयी दोन शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझा छंद भरतकामासारखा चारचौघींत मिरवण्याजोगा नाही. मी जुनी पुस्तके जमविते. त्यातही पहिल्या आवृत्तीची, आणि भाग्य असले तर लेखकाची सही असलेली.

या छंदाचे मूळ एका चुकीत आहे. माझ्या आईला एका नामांकित लेखिकेने आपली कादंबरी सही करून दिली होती. पुस्तक खिळखिळे झाले म्हणून मी ते बांधणीला टाकले. परत आले ते सुरेख, कडक पुठ्ठ्याचे. परंतु सहीचे पान फाटके म्हणून काढून टाकलेले! मी आधी बजावले नव्हते, तेव्हा दोष माझाच. आई काही बोलली नाही. तिने पुस्तक उघडून पाहिले आणि मिटून ठेवले. ते मिटणे मला अजून विसरता येत नाही.

पहिली आवृत्ती ओळखणे फारसे अवघड नाही. पुस्तकाच्या नावाचे पान उलटावे. मागे आवृत्ती व साल दिलेले असते. पुढच्या आवृत्त्यांत बहुधा आधीच्या सालांची यादी येते. सहीच्या बाबतीत मात्र फसगत होते. प्रस्तावनेखाली पुष्कळदा ठशाने छापलेली सही असते. भिंगातून पाहावे, लेखणीच्या शाईची रेघ कोठे दाट, कोठे फिकी दिसते.

सहीमुळे पुस्तकाची किंमत वाढते, हे खरे. पण सही म्हणजे सर्वस्व नव्हे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्या १९५१ सालीच निवर्तल्या होत्या, आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्या पुस्तकावर त्यांची सही कधीच मिळणार नाही. म्हणून त्याचे मोल का कमी होते? गाणी उरली, ती घरच्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून.

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा ग्रंथ १८८२ साली निघाला आणि पुढे विस्मृतीत गेला. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापला, तेव्हा कोठे आपल्या हाती आला. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत कोणी जपली नसती, तर ताराबाईंचे शब्द आपण वाचले असते काय?

भगिनींनो, घरातील रद्दी काढायची ती बहुधा आपणच. म्हणून ही राखणही आपल्याच हाती आहे. जुने पुस्तक टाकण्यापूर्वी पहिली चार पाने उलटून पाहा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग जन्मात जात नाही. ओलसर भिंतीला टेकून कपाट ठेवू नका. आणि बांधणीला देताना पहिले पान दाखवून निक्षून सांगा.

दिवाळीच्या साफसफाईआधी एका दुपारी प्रत्येकीने घरचे एक जुने पुस्तक घेऊन मंडळात यावे, असे मी सुचविते. सगळ्या मिळून पाहू. कुणाच्या आईचे, आजीचे सहीचे पान अजून शाबूत असेल, तर ते तसेच राहू द्या.